लोण्याच्या वरची अक्षरं

ग्रेफिन नावाची गाय हरवली ती रोमेड मास्तरांच्या तोंडामुळे. तसं पाहिलं तर हातांमुळे; पण मास्तरांचे हात तोंडाबरोबरच चालतात. अख्खा जन्म गावच्या शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना उलट्या पावलांनी चालायची सवय लागली होती. ऐकणाऱ्यांकडे तोंड, वाटेकडे पाठ, आणि दोन्ही हात हवेत.

त्या दिवशी ऐकायला व्हिएन्नाचं एक जोडपं होतं. वरच्या खडकांतल्या गुहेतली रेटिक नावाच्या जुन्या लिपीतली अक्षरं बघून मंडळी परत येत होती. रोमन लोक या डोंगरांत पोचले त्याच्याही आधी इथे राहणाऱ्यांनी झऱ्याच्या तोंडाशी ही अक्षरं खोदली, त्यातली नावं तेवढी लागतात, आणि उरलेल्या मजकुरावरून विद्वानांची जुंपलेली आहे, असं मास्तर सांगत होते. 'जुंपलेली आहे' म्हणताना ते एका मुठीवर दुसरी मूठ आपटून दाखवत. नेमक्या त्याच क्षणी ते खडकांतून कुरणात शिरायच्या फाटकातून आत येत होते. फाटकाचे आडवे दांडे पुन्हा खाचेत सरकवायचे तर तिसरा हात लागला असता. तो देवानं मास्तरांना दिलेला नव्हता.

हे ध्यानात आलं ते संध्याकाळी, खाली गावात, घरी सूप पिताना. चमचा तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"दांडे!" मास्तर ओरडले. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे निदान 'कसले दांडे?' असं विचारणारं कुणी नव्हतं. 'प्राचीन अक्षर मित्र मंडळा'च्या सभेतही हीच सोय असे. मंडळाचे अध्यक्ष मास्तर, चिटणीस मास्तर, आणि पाऊस असला की उपस्थितीही मास्तरांचीच.

सकाळी उजाडताच ते डोंगर चढू लागले. धुकं असं दाट होतं की स्वतःच्या काठीचं टोक दिसत नव्हतं. वर पोचून ते आधी फाटकाकडे गेले. दांडे गवतात पडलेले होते, आणि चिखलात खुरांचे ठसे खडकांच्या बाजूला गेलेले. त्या खडकांत गाईच्या कामाचं काही नाही. आमचे हे चुनखडीचे डोंगर पावसानं आतून खाऊन टाकलेले आहेत. जागोजाग खड्डे, भेगा, विवरं. म्हणून तर ते कुंपण.

खोपटाबाहेरच्या बाकावर कुरण सांभाळणारी बुर्गल काहीही न करता बसली होती. तिला काहीही न करता बसलेलं मास्तरांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"ग्रेफिन नाही," बुर्गल म्हणाली.

नोटबुर्गा हे तिचं चर्चमधलं नाव. चुलतीचा हात मोडला म्हणून पोरवयात एका उन्हाळ्यापुरती ती या कुरणावर गाई राखायला आणि चीज करायला आली. चुलतीचा हात बरा झाला, पुढे चुलती म्हातारी होऊन गेलीही. बुर्गल आपली वरच. हिवाळ्यात ती गावात उतरते, पण पाहुणीसारखी खुर्चीच्या टोकावर बसते. तरुणपणी एकदा लग्न जुळत आलं होतं. मुलगा लाकडं तोडणारा, देखणा, अकॉर्डियन वाजवणारा. त्यानं विचारलं, "लग्नानंतर उन्हाळ्यात घरी राहशील ना?" ती म्हणाली, "हिवाळ्यात राहीन." त्यानं थोडा विचार केला आणि सुताराच्या मुलीशी लग्न केलं. बुर्गल त्याच्या लग्नात लोण्याचा भला मोठा गोळा घेऊन गेली आणि नाचून आली.

गाईंशी ती अदबीनं बोले आणि माणसांशी गुरांशी बोलावं तसं. "जरा बाजूला होता का बाईसाहेब," हे ग्रेफिनला. "हल की!" हे मास्तरांना. तसंही त्या उंचीवर आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. जंगलाची शेवटची झाडं मागे पडली की 'तुम्ही' संपतं. पण बुर्गलच्या 'तू'मध्ये एक चापट असायची.

अक्षरांची गुहा ही बुर्गलची थंड खोली. झऱ्याचं बर्फासारखं पाणी आतून वाहतं, त्यात लोण्याची लाकडी पिंपं ठेवायची, ही चुलतीच्याही आधीपासूनची रीत. शिकाऱ्यांना ती अक्षरं दिसली, विद्यापीठातले लोक आले, आणि म्हणाले, "बाई, ही पिंपं हलवा." बुर्गलनं विचारलं, "का? अक्षरांना लोणी सोसत नाही?" शेवटी गुहेच्या तोंडाला लोखंडी जाळी बसली आणि तिच्या दोन किल्ल्या झाल्या. एक मास्तरांकडे, संस्कृतीसाठी. दुसरी बुर्गलकडे, लोण्यासाठी. दुसरी जास्त फिरे.

आता ग्रेफिनबद्दल. ग्रेफिन म्हणजे सरदारीण, आणि ती तशीच वागे. कळपाच्या पुढे चालणारी गाय ती. शनिवारी कळप खाली उतरायचा होता. उन्हाळा सुखरूप पार पडला, एकही जनावर दगावलं नाही, की पुढच्या गाईच्या डोक्यावर देवदाराच्या फांद्यांचा, कागदी फुलांचा, सोनेरी दोऱ्याचा उंच मुकुट बांधतात. मोठ्या घंटा, फुलं, वाटेत लोकांना वाटायला तळलेले गोड गोळे, सगळं गाव रस्त्याच्या कडेला. पण कुरणावर एक जरी जनावर मेलं किंवा मालकाच्या घरात कुणी गेलं, तर मुकुट नाही. कळप मान खाली घालून उघडा उतरतो आणि लोक टोप्या काढून उभे राहतात. बुर्गलच्या नशिबी अलीकडे हेच आलं होतं. गेल्या वर्षी कालवड विजेनं गेली. त्याच्या आदल्या वर्षी मालक गेला. त्याच्याही आधी काहीतरी झालंच होतं. आणि आता गुडघ्यानं सांगून टाकलं होतं की हा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षापासून वर एक तरुण जोडपं येणार. म्हणजे मुकुट घालून उतरायचं तर या शनिवारीच. नाहीतर कधीच नाही.

हे सगळं मास्तरांना पाठ होतं. म्हणून त्यांनी टोपी काढली, छातीवर धरली आणि वाटेत घोकून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली.

"बुर्गल, ग्रेफिन माझ्यामुळे गेली."

"नाही. माझ्यामुळे गेली."

"अगं, फाटक मी उघडं टाकलं! बोलता बोलता—"

"तू बोलतोसच. त्यानं गाई जात असत्या तर आजवर कुरणात एक उरली नसती."

"दांडे गवतात पडलेत. स्वतः पाहून आलोय."

"दांडे पडले असतील. पण ती त्यातून गेली ती माझ्यामुळे. चल, दाखवते."

गुडघा धरत धरत तिनं मास्तरांना फाटकातून गुहेपर्यंत नेलं, आपल्या किल्लीनं जाळी उघडली आणि अक्षरांच्या खालचं मागचं पिंप सरकवलं. त्याच्या आडोशाला ओल्या पोत्याखाली मुकुट होता. पुरा झालेला. लाल कागदी गुलाब, सोनेरी दोरा, मधोमध आरसा. अडीच हजार वर्षं जुन्या अक्षरांकडे रोज बघणाऱ्या मास्तरांना खाली काय शिजतंय याचा पत्ता नव्हता.

मास्तरांनी आ वासला. शेवटचं जनावर सुखरूप मोजून होईपर्यंत मुकुटाची काडीही बांधायची नाही, हे आमच्या खोऱ्यात दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. आधी बांधला की जनावर जातंच.

"बुर्गल! तू? आधीच?"

"हात थरथरतात रे आता. एका रात्रीत व्हायचा नाही म्हणून थोडा थोडा करत गेले. गुपचूप. कुणाला कळलं नाही. ग्रेफिनला कळलं."

"हे बघ, हा सगळा भाबडेपणा झाला. फाटक उघडं होतं. कारण आणि परिणाम. मी शाळेत—"

"मास्तर," बुर्गल म्हणाली, "एवढं मोठं संकट तू आणलंस म्हणतोस? तुझी तेवढी ताकद आहे का?"

कबुली द्यायला माणूस डोंगर चढून यावा आणि तिथे त्याला गुन्हेगार म्हणूनही कमी मार्क पडावेत, हे त्यांच्याच बाबतीत घडू शकतं, असं ते पुढे स्वतःच सांगत.

इसिडोर गुराखी मोठ्या घंटांचे पट्टे शिवून आणायला खाली गेला होता. त्याला बोलवायचं तर गावभर बातमी. म्हणून गुडघा धरलेली बुर्गल आणि चष्म्यावर धुकं जमलेले मास्तर, असे दोघंच गाय शोधायला निघाले. बुर्गल दोर आणि एप्रनच्या खिशात मीठ घेऊन. मास्तर आपला नवा जाड लोकरी कोट घालून. तो त्यांनी शनिवारसाठी शिवून घेतला होता.

"ग्रेफिनऽऽ! या हो बाईऽऽ!" बुर्गल हाक मारी.

"ग्रेफिन!" मास्तर हाक मारत, हजेरी घेतल्यासारखी.

"तू नको ओरडू. तुझा आवाज ऐकून ती लपेल."

खडकांतून चालताना मास्तरांना दुसराच त्रास होता. ते दगड बघितल्याशिवाय राहू शकत नसत. काही वर्षांपूर्वी याच भागात त्यांनी 'दुसरा शिलालेख' शोधून काढला होता. मंडळाची जाहीर सभा भरवली, बँड बोलावला, इन्सब्रुकहून प्राध्यापक बोलावले. प्राध्यापकांनी दगडावर पाणी ओतलं, रेघांतून ते कसं वाहतं ते पाहिलं आणि सौजन्यानं म्हणाले, "हे पावसानं लिहिलंय." चुनखडीवर पाऊस अशाच चऱ्या पाडतो. बँडला पैसे दिलेच होते, म्हणून बँड वाजवून घेतला. त्या दिवसापासून आभाळ भरून आलं की गावकरी मास्तरांना विचारतात, "काय मास्तर, आज लिखाण आहे वाटतं?" मास्तर उत्तर देतात, "हो, आणि माझ्यापेक्षा त्याचं अक्षर बरं आहे." हसून टाकण्यात ते तरबेज होते. घरी आल्यावर मात्र प्राध्यापकांचं ते सौजन्य त्यांना अजून टोचे.

गाय सापडली ती मास्तरांनाच. शोधून नव्हे, घसरून. एका चऱ्यांच्या दगडाकडे बघत ते बाजूला सरकले, पायाखालचं ओलं गवत निघालं, आणि एका बशीसारख्या खड्ड्यात ते पाठीवर, टोपी पोटावर, असे उतरले. खाली काहीतरी ऊबदार आणि मोठं होतं. त्यानं मान वळवली आणि उशिरा आलेल्या नोकराकडे सरदारणीनं बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"बुर्गल! सापडली! जिवंत आहे!"

"आणि तू?"

"मीही!"

"बरं," बुर्गलचा आवाज आला. नंतर काही वेळ वरून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

खड्ड्याच्या तीन बाजू उभ्या होत्या. चौथ्या बाजूला कमरेएवढी दगडी पायरी, आणि तिच्यावरून गवताचा उतार सरळ वर. एरवी ग्रेफिन उडी मारून गेली असती. पण तिचा मागचा पाय सुजला होता. पायरीला लागून दगड रचून चढण केली तर चालत जाईल. दगडांना तर तिथे तोटा नव्हताच. बुर्गल उतारावरून बसत बसत खाली आली, गाईच्या गळ्यात पडली, तिच्या कानात काहीतरी अदबीनं बोलली आणि मास्तरांना म्हणाली, "बघतोस काय? दगड आण."

मास्तरांनी पहिला दगड उचलून पायरीपाशी आणला आणि ते तसेच वाकून राहिले.

पायरीच्या उभ्या अंगावर अक्षरं होती.

उलटा बाण. तीन दातांची फणी. मग ती वाकडी काठी, जी गुहेतल्या ओळीतही आहे. मास्तरांनी हात लावला नाही. आधी चष्मा पुसला. मग एकेका डोळ्यानं बघितलं. पाऊस उभ्या रेघा पाडतो. यातल्या दोन आडव्या होत्या.

"बुर्गल," मास्तर म्हणाले. "इथे अक्षरं आहेत."

"मागच्या वेळीही होती."

"या वेळी खरी आहेत. निदान मला वाटतं खरी आहेत. यावर दगड लोटले तर सगळी खरवडून जातील. खाली गावात जाऊ, अग्निशामक दलाची माणसं, कप्पी, पट्टे..."

"तिचा पाय बघ. संध्याकाळपर्यंत ती बसेल. बसली की उठायची नाही."

"पण समजा, बुर्गल..."

पायरीच्या बाजूला तोंड करून बुर्गल बराच वेळ बघत राहिली. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिची नजर इतकी स्थिर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"ही अक्षरं थांबतील, मास्तर," ती अखेर म्हणाली. "ही थांबणार नाही."

धुकं हातभर खाली उतरलं होतं. मास्तरांना आपला सगळा जन्म डोळ्यांपुढे दिसला, आणि त्यात फारसं काही नव्हतं: फळा, मंडळ, बँड. एकदा, फक्त एकदाच आपण खरं काहीतरी शोधलं असेल. आणि त्यावर दगड टाकायचे ते आपल्याच हातांनी. हातातला दगड त्यांनी खाली ठेवला. ग्रेफिननं एक पाय उचलून धरला होता आणि ती थरथरत होती.

मास्तरांनी कोट काढला. नवा, लोकरी, शिंगाच्या बटणांचा. तो दुमडून त्यांनी पायरीच्या अंगावर पसरला, वरच्या काठावर दोन दगडांखाली दाबला, कडा नीट केल्या.

"हे काय?"

"खरवडू नये म्हणून."

"अरे, थंडीनं मरशील!"

"मेलो तर मुकुट जाईल का?"

बुर्गलनं क्षणभर खरंच विचार केला. "नाही. तू आमच्या घरचा नाहीस. चालेल."

मग दोघांनी दगड रचले. मास्तर रचत आणि बुर्गल ते उपसून पुन्हा नीट रचे. "वर्गात पोरं बसवतोयस का? सपाट बाजू वर!" हळूहळू कोट दिसेनासा झाला, आधी बाह्या, मग कॉलर. दुपार कलली तेव्हा चढण झाली. बुर्गल दोर आणि मीठ घेऊन पुढे, मास्तर गाईच्या पाठीमागे खांदा लावून. तिथे त्यांना जे जे मिळालं ते त्यांनी पुढे कधी तपशिलात सांगितलं नाही. ग्रेफिन एकदा अडखळली, एक दगड गडगडत गेला, मास्तरांनी डोळे मिटून रेटलं. आणि एकदम खांद्यावरचं ओझं गेलं. डोळे उघडले तेव्हा ते खड्ड्यात एकटे होते आणि वर कुणीतरी गाईला म्हणत होतं, "या बाई, या. झालं आता. झालं."

शनिवारी ऊन पडलं. कळप उतरला तो घंटांच्या गदारोळात, आणि पुढे ग्रेफिन, डोक्यावर लाल गुलाबांचा मुकुट, मधल्या आरशात सगळं आभाळ. तिच्या शेजारी बुर्गल, काळ्या हॅटमध्ये फुलं खोचलेली, चेहरा दगडासारखा. फक्त मुकुट सारखा करायच्या निमित्तानं ती दर दहा पावलांनी त्याला हात लावत होती. गावातल्या बायका रडत होत्या. गोड गोळे चर्चच्या वळणापर्यंतसुद्धा पुरले नाहीत.

"ग्रेफिन लंगडते का गं?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"म्हातारी झालीय. मी पण लंगडतेय, ते नाही दिसत?"

मास्तर सगळ्यात मागे होते, शेण भरायचं फावडं आणि हातगाडी घेऊन. हे काम दर वर्षी कुणावर तरी येतं. या वर्षी कुणी सांगायच्या आत मास्तरांनीच फावडं उचललं होतं. कोट नव्हता, म्हणून शेजारणीची शाल गुंडाळली होती, आणि दर घंटेबरोबर एक शिंक येत होती. वर खडकांत आता बर्फ पडेल. वसंतापर्यंत तिकडे जाता येणार नाही. तोवर कोटाखाली काय आहे हे कुणालाच कळणार नव्हतं. प्राध्यापकांना कळवायचं त्यांच्या मनात होतं आणि धीर होत नव्हता. पण त्या खड्ड्यात आणखी एक माणूस होतं ना. तिनं पाहिलं होतं, इतका वेळ, इतकं टक लावून.

चर्चपाशी कळप थांबला तेव्हा त्यांनी हातगाडी टाकली, गाईंच्या अंगाअंगातून वाट काढत ते पुढे पोचले आणि मुकुटाशी चाललेला तिचा हात थांबायची वाट न बघता म्हणाले, "बुर्गल, एकच विचारतो, खरं सांग. पावसाचं वगैरे विसर. तू बघत होतीस तेव्हा ती अक्षरं तुला कशी वाटली?"

"मी गाईचा पाय बघत होते."